मोटारीतला वाटाड्या : उपग्रह-मार्गदर्शनासाठी मोबाइलची निवड

मोटारीत रस्ता दाखवण्याचे काम मोबाइलवर सोपवणे आता इतके सर्रास झाले आहे, की नवा फोन घेताना या कामाचा वेगळा विचार करावा असे बहुतेक ग्राहकांच्या मनात येत नाही. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, मेमरी किती, फोन ५जी आहे की नाही, याची चौकशी दुकानात आवर्जून होते. पण उपग्रहांचे संकेत तो किती वारंवारितांवर ऐकतो, त्यात जायरोस्कोप आहे का, मे महिन्याच्या उन्हात काचेमागे तासभर चालल्यावर त्याचा पडदा मंद होतो का, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मार्गदर्शनाचा दर्जा मात्र याच गोष्टींवर ठरतो, आणि किमतीशी त्याचे नाते फारच सैल आहे. या दृष्टीने नीट पारखून घेतलेला मध्यम किमतीचा फोन न पारखलेल्या महागड्या फोनपेक्षा मोटारीत अधिक भरवशाचा ठरू शकतो.

स्थाननिश्चितीचे मूळ तत्त्व साधे आहे. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान व आपल्या आण्विक घड्याळातली वेळ अखंड प्रक्षेपित करत असतो. संकेत निघाला ती वेळ आणि तो फोनपर्यंत पोहोचला ती वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की त्या उपग्रहाचे अंतर मिळते. अशी तीन अंतरे जागा ठरवायला पुरेशी वाटतात. परंतु फोनमधले घड्याळ साध्या क्वार्ट्झ स्फटिकाचे असते आणि त्यात एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, म्हणून घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी धरून किमान चार उपग्रहांची मोजणी करावी लागते. शिवाय जमिनीवर पोहोचेपर्यंत हा संकेत कमालीचा क्षीण झालेला असतो : एका वॉटचे शंभर कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, इतकी त्याची शक्ती उरते. इलेक्ट्रॉनिक भागांच्या स्वाभाविक खरखरीखाली दबलेला हा संकेत फोन ऐकू शकतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा सांकेतिक क्रम त्याला आधीपासून माहीत असतो आणि तो जुळवून पाहता येतो. मोटारीचे छप्पर, काचेवरची धातुयुक्त फिल्म, फोनच्या पाठीवर चिकटवलेली लोखंडी चकती अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मार्गदर्शनात एवढा फरक पाडतात, त्याचे कारण या क्षीणतेत आहे.

जीपीएसला इंटरनेट लागते, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. स्थान शोधण्यासाठी इंटरनेट लागत नाही. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट या संथ गतीने पाठवतो, आणि तिचा आवश्यक भाग एकदा पूर्ण यायला ३० सेकंद लागतात; तीच माहिती फोनने मोबाइल नेटवर्कवरून आधीच घेतली तर स्थान काही क्षणांत सापडते, आणि या सोयीलाच साहाय्यित जीपीएस म्हणतात. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी फोन सुरू केला तर त्याला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच. नकाशा, वाहतुकीच्या कोंडीची खबर आणि पर्यायी रस्ता या गोष्टी मात्र उपग्रहाकडून येत नाहीत, त्या इंटरनेटवरून येतात. स्थान, नकाशा आणि चालकापर्यंत पोहोचणारी सूचना या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले की कोणता दोष फोनचा आणि कोणता ॲपचा हे ओळखता येते.

आजच्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनच्या माहितीपत्रकात जीपीएसच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायदू ही नावे छापलेली असतात. उपग्रह जितके जास्त, तितके घाटातल्या किंवा उंच इमारतींमधल्या आकाशाच्या अरुंद पट्ट्यातून चार-सहा तरी दिसण्याची शक्यता जास्त, त्यामुळे या नावांना अर्थ आहे. परंतु स्वस्त फोनमध्येही ती आता असतातच, म्हणून त्यांच्या संख्येवरून निवड करण्यात हशील नाही. खरा भेद करणारी ओळ निराळी असते आणि ती ‘एल१ + एल५’ किंवा ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ अशा शब्दांत, पुष्कळदा अगदी शेवटी, लिहिलेली असते.

एल१ ही १५७५.४२ मेगाहर्ट्झची जुनी वारंवारिता असून नागरी वापराचे सर्व साधे ग्राहक तिच्यावरच चालत आले आहेत. इथे ‘ग्राहक’ म्हणजे संकेत ग्रहण करणारे यंत्र. एल५ ही ११७६.४५ मेगाहर्ट्झची नवी वारंवारिता जीपीएसच्या २०१० पासून सोडलेल्या उपग्रहांवर आली, आणि मोबाइलमध्ये ती प्रथम २०१८ मध्ये, शाओमीच्या एमआय ८ या फोनमध्ये, उतरली. दोहोंतला महत्त्वाचा फरक सांकेतिक क्रमाच्या बारकाईत आहे. एल१ वरच्या नागरी संकेतातला एक घटक अवकाशात सुमारे २९३ मीटर लांबीचा असतो, तर एल५ वरचा घटक त्याच्या एक दशांश, म्हणजे सुमारे २९ मीटरचा असतो. मुंबईत लोअर परळच्या काचेरी मनोऱ्यांमधून जाताना उपग्रहाचा संकेत थेट येतो आणि भिंतीवर आपटूनही येतो. दरीत मारलेली हाक आणि तिचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळावेत तसे हे दोन संकेत एल१ वर एकमेकांत मिसळतात, आणि लांबच्या वाटेने आलेला संकेत खरा मानला गेला की पडद्यावरची मोटार शेजारच्या गल्लीत उडी घेते. एल५ चे घटक आखूड असल्यामुळे वीस-तीस मीटर उशिरा आलेले परावर्तनही वेगळे ओळखून बाजूला काढता येते. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनही सुमारे ४.९ मीटरच्या आत स्थान दाखवतो, असे अमेरिकी शासनाच्या जीपीएसविषयक अधिकृत माहितीत म्हटले आहे, आणि महामार्गावर तेवढे पुरते. दुसऱ्या वारंवारितेची किंमत कळते ती शहरात, जिथे चुकलेले एक वळण अर्ध्या तासाचे पडते.

भारतात दुसऱ्या वारंवारितेला आणखी एक कारण जोडले जाते. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेला थर असतो, त्याला आयनांबर म्हणतात, आणि त्यातून येताना संकेताला विलंब होतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, ज्या कारणासाठी १९६३ मध्ये थुंबा येथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र उभारले गेले. या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबर विशेष दाट होते, आणि उत्तरेकडच्या दाट पट्ट्याचे शिखर अहमदाबादच्या आसपास येत असल्यामुळे महाराष्ट्राचे आकाश याच पट्ट्याच्या प्रभावात मोडते. सूर्यास्तानंतरच्या काही तासांत या थरात अस्थिरता निर्माण होऊन संकेत लुकलुकतात. हा विलंब वारंवारितेवर अवलंबून असतो, म्हणून दोन वारंवारितांवरच्या मोजणीतला फरक पाहून तो काढून टाकता येतो. मोबाइलमध्ये एल५ चा मोठा लाभ अजूनही परावर्तनाच्या बाबतीतच आहे, तरी या प्रदेशात वापरायच्या फोनसाठी ही जोड युरोपपेक्षा अधिक उपयोगाची आहे, असे निश्चित म्हणता येते.

‘नाविक’ या भारतीय प्रणालीचा विचारही याच ठिकाणी करायला हवा. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून भारत आणि त्याभोवतीचा सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रदेश यांच्यासाठीच योजलेले आहेत. त्यांचे संकेत एल५ आणि एस या दोन पट्ट्यांवर येतात, आणि मोबाइलमध्ये एस पट्ट्याची सोय नसल्यामुळे ज्या फोनला एल५ ऐकू येत नाही त्याला या मूळ उपग्रहांचा काहीच उपयोग नसतो. पुढे परदेशातून आणलेली रुबिडियम घड्याळे काही उपग्रहांवर बंद पडली, ऑगस्ट २०१७ मध्ये बदली उपग्रह उष्णताकवच न सुटल्यामुळे वाया गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर मात्र भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ आहे आणि तो एल१ वरही संकेत देतो, ही मोठी प्रगती आहे. क्वालकॉमने २०२० पासून आपल्या काही चिपमध्ये आणि ॲपलने २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून नाविकला स्थान दिले. ग्राहकाच्या दृष्टीने निष्कर्ष असा, की नाविक हे आज स्वतंत्र वाटाड्या म्हणून नव्हे तर इतर प्रणालींना दिलेली भर म्हणून मोलाचे आहे, आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ हीच वारंवारिता गॅलिलिओ आणि बायदूही वापरत असल्याने एल५ असलेला फोन घेतला की ही भर आणि तो मूळ लाभ दोन्ही एकाच निवडीत पदरात पडतात.

उपग्रह दिसेनासे होतात तेव्हा फोनमधल्या संवेदकांची परीक्षा होते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचे भाताण आणि कामशेतचे बोगदे, समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा अशा ठिकाणी संकेत पूर्णपणे तुटतो, आणि मग वेगातला बदल मोजणारा ॲक्सिलरोमीटर व वळण मोजणारा जायरोस्कोप यांच्या आधारे, शेवटच्या ठाऊक स्थानापासून पुढचा प्रवास अंदाजाने मोजावा लागतो. अगदी स्वस्त फोनमध्ये खरा जायरोस्कोप नसतो. त्याऐवजी इतर संवेदकांवरून काढलेला ‘व्हर्च्युअल जायरोस्कोप’ असतो, जो खेळांसाठी चालतो पण बोगद्यातून बाहेर पडताच लागणाऱ्या फाट्यावर फसतो. म्हणून माहितीपत्रकात जायरोस्कोपचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो फोन मोटारीसाठी घेऊ नये. होकायंत्राची चिंता त्या मानाने कमी करावी, कारण गाडी चालू असताना दिशा तिच्या हालचालीवरूनच कळते आणि चुंबकीय धारकामुळे होकायंत्र बिघडले तरी त्याचा त्रास फक्त उभ्या गाडीत, निघताना, जाणवतो.

उंचीचा प्रश्न आणखी अवघड आहे. उपग्रह सगळे डोक्यावरच्या अर्ध्या गोलात असतात आणि पायाखालच्या बाजूने मोजणीला कोणी नसते, म्हणून उंचीतली चूक आडव्या दिशेतल्या चुकीपेक्षा नेहमी मोठी राहते. नागपूरच्या वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची दुमजली रचना आहे. तिथे मोटार पुलावर आहे की पुलाखाली, हे केवळ अक्षांश-रेखांशांवरून ठरवता येत नाही, आणि पुलाखालच्या गाडीचे तर आकाशच झाकलेले असते. फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असेल तर मदत होऊ शकते, कारण सुमारे आठ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो आणि एवढा बदल हा संवेदक सहज टिपतो. परंतु ॲपने त्याचा वापर केला तरच उपयोग. म्हणून बॅरोमीटर असल्यास उत्तम, पण त्यासाठी बरेच जास्त पैसे मोजू नयेत.

एवढे सगळे गुण असलेला फोनही उन्हापुढे हात टेकतो, आणि महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, निवडीचा निर्णायक मुद्दा कदाचित हाच असावा. आयफोन वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे आणि बंद फोनही ४५ अंशांपलीकडे ठेवू नये, असे ॲपल सांगते. मे महिन्यात चंद्रपुरात सावलीतले तापमानच ४५ अंशांवर जाते, मग पुढच्या काचेमागे उन्हात लावलेल्या फोनची स्थिती काय होत असेल याची कल्पना करता येते. त्याच वेळी पडदा पूर्ण तेजाने चालू असतो, उपग्रहांची मोजणी, इंटरनेट आणि चार्जिंग अखंड सुरू असते, आणि या प्रत्येकाची उष्णता आत साठते. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, आणि शेवटी पडदा बंदही करतो. वापरकर्त्यांच्या परीक्षणांत खेळांच्या संदर्भात ‘फोन तापतो’ अशी तक्रार दिसली, तर ती मोटारीच्या दृष्टीनेही गांभीर्याने घ्यावी. बिनतारी चार्जिंगमध्ये वाया जाणारी ऊर्जा उष्णताच होते, म्हणून उन्हाळ्यात तारेनेच चार्ज करावे, आणि धारक काचेवर लावण्यापेक्षा वातानुकूलनाच्या झडपेवर लावावा, म्हणजे थंड हवेचा झोत फोनच्या पाठीवर येत राहतो. दिवसाचे दहा-बारा तास टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी हा साधा बदल फोनच्या आयुष्यात मोठा फरक पाडू शकतो.

चार्जिंगच्या बाबतीत एक गैरसमज पुन्हा पुन्हा त्रास देतो. अनेक जुन्या गाड्यांमधले यूएसबीचे छिद्र मुळात पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेले असते आणि यूएसबी २.० च्या मानकाप्रमाणे ते ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट, एवढीच वीज देते; मार्गदर्शन करणारा फोन त्याहून जास्त वीज खात असेल तर चार्जिंगला लावलेला असूनही त्याची बॅटरी उतरत जाते. दोष फोनचा नसतो. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा, २० वॉटच्या आसपासचा चांगला चार्जर या कामाला पुरतो, आणि ६० किंवा १०० वॉटच्या जाहिरातींचा मोटारीत काही लाभ नाही, कारण झपाट्याने भरणारी बॅटरी तितकीच झपाट्याने तापते.

पडद्याचे तेज ‘निट’ या एककात, म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला या हिशोबाने, सांगितले जाते. जाहिरातीतला तीन-चार हजारांचा आकडा पडद्याच्या लहानशा भागाला क्षणभर मिळणाऱ्या तेजाचा असतो; उन्हात संपूर्ण पडदा किती तेजाने उजळतो हा आकडा निराळा छापलेला असतो आणि तो १,००० च्या आसपास असेल तर दिवसा नकाशा स्पष्ट वाचता येतो. ओएलईडी पडदा अधिक सुंदर दिसतो, पण नकाशाची तीच पट्टी रोज तासन् तास एका जागी राहिल्यास तिची छाप त्यावर कायमची उमटू शकते, म्हणून व्यवसायाने वाहन चालवणाऱ्याने एलसीडी पडद्याचा फोन कमी दर्जाचा समजू नये. ध्रुवित काचांचा गॉगल वापरणाऱ्याने फोन आडवा आणि उभा दोन्ही तऱ्हांनी धरून पाहावा, कारण एखाद्या कोनात पडदा पूर्ण काळा दिसू शकतो.

नकाशाच्या बाजूने पाहिले तर फोनवर मागणी थोडीच आहे. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात आणि मेळघाटाच्या जंगलात नेटवर्क अधूनमधून जाते, म्हणून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, त्यासाठी काही जीबी मोकळी जागा असावी, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घालता येत असतील तर उत्तम. गूगल मॅप्समध्ये असे नकाशे उतरवता येतात, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्ससारखी मोफत ॲप्स पूर्णपणे इंटरनेटविना चालतात. परंतु नकाशाच चुकीचा असेल तर फोनची कोणतीही गुणवत्ता कामी येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात रात्री ॲपने दाखवलेल्या वाटेने निघालेली मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर पोहोचली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. त्या फोनला गाडीचे स्थान बरोबरच कळले असणार. रस्ता पाण्याखाली आहे, हे नकाशाला ठाऊक नव्हते. पावसाळ्यात आणि रात्री अनोळखी आडवाटेवर वस्तीतल्या माणसाला विचारणे हा म्हणून मार्गदर्शनाचाच भाग मानायला हवा.

आणखी एक दोष माहितीपत्रकात कधीच दिसत नाही. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चालणारी ॲप्स आपोआप बंद केली जातात, आणि मध्येच फोन आला की मार्गदर्शनाचा आवाज थांबतो किंवा स्थान अडखळत पुढे सरकते. सेटिंग्जमध्ये जाऊन नकाशाच्या ॲपला या बंधनातून सूट द्यावी लागते, आणि ही सूट किती सहज देता येते हे फोन घेतानाच पाहून घ्यावे. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे : ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातात धरण्याच्या संपर्क-साधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालणारा पडदा असेल तर तेज आणि आकार यांचा प्रश्न बराचसा सुटतो; फोनचे काम मात्र तेवढेच राहते, आणि खिशात किंवा खणात ठेवलेल्या फोनला आकाश आणखी कमी दिसते.

अँड्रॉइड फोनची पारख करायला जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप पुरेसे आहे. त्यात प्रत्येक उपग्रह, त्याची प्रणाली, तो कोणत्या वारंवारितेवर ऐकू येतो आणि त्याच्या संकेताचे बळ डेसिबेल-हर्ट्झमध्ये दिसते. मोकळ्या आकाशाखाली बरेच उपग्रह ३५ ते ४५ च्या दरम्यान दिसावेत आणि त्यांतल्या काहींसमोर एल५ किंवा, गॅलिलिओच्या बाबतीत, ई५ए असे लिहिलेले असावे. ॲपल अशी माहिती बाहेरच्या ॲपना देत नाही, त्यामुळे आयफोनच्या बाबतीत अधिकृत तपशिलावर विसंबावे लागते, आणि तिथे दोन वारंवारितांची सोय २०२२ च्या आयफोन १४ प्रोपासून प्रो मालिकेत आली आहे. दुकानाच्या आत छताखाली ही चाचणी निरर्थक ठरते, म्हणून ती बाहेर रस्त्यावर येऊन करावी, आणि शक्य असेल तर त्याच फोनने ती पुन्हा आपल्या गाडीत, धारकाच्या नेमक्या जागी, काचा बंद करून करावी. बाहेर ४० दाखवणारे उपग्रह आत २५ च्या खाली उतरत असतील, तर नवा फोन घेण्याआधी काचेवरची फिल्म किंवा धारकाची जागा बदलून पाहावी.